न दचकण्याचा सराव

खण्ण.

दुपारची जेवणं आटोपून घर इतकं शांत झालं होतं, की फ्रिजची घरघरसुद्धा कुणीतरी झोपल्यासारखी वाटत होती. त्या शांततेत स्टीलची वाटी फरशीवर पडली, एकदा उसळली, गरगर फिरली आणि थरथरत बसली. आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर घराचा नकाशा काढत बसलेल्या सानिकाच्या हातून रेघ वाकडी गेली आणि विश्रामबागेतल्या एका गृहस्थांच्या होऊ घातलेल्या बंगल्याचा संडास थेट त्यांच्या देवघरात शिरला.

भांडं पडलं की त्यामागून रडण्याचा आवाज येतो, नाहीतर "आई, मी नाही पाडलं" असा खुलासा येतो. चार वर्षांच्या मुलीच्या आईला एवढं गणित पाठ असतं. सानिका थांबली. ना रडणं, ना खुलासा. मग बाहेरून सासऱ्यांचा हलका आवाज आला.

"शाब्बास. हा घे बेदाणा."

ती बाहेर आली. रुंजी जमिनीवर पोटावर पडून चित्र रंगवत होती. तिच्या चेहऱ्यासमोर पुस्तकाला टेकवून फोन उभा केला होता, त्याचा कॅमेरा तिच्या डोळ्यांवर. मागे वेताच्या खुर्चीत भाई बसले होते. त्यांनी दुसरी वाटी दोन बोटांत, खांद्याच्या उंचीवर धरली होती.

"भाई, हे काय चाललंय?"

"काय?" भाईंनी उजवा कान पुढे केला.

"हे काय चाललंय म्हटलं."

"ओरडू नकोस. मूल घाबरेल," भाई म्हणाले आणि त्यांनी वाटी सोडली.

सानिकाचे खांदे उडाले. रुंजीचा हिरवा खडू मात्र झाडाच्या कडेकडेनं शांतपणे चालत राहिला. तिनं मान वर केली नाही, मागे पाहिलं नाही. फक्त रिकामा हात मागे पसरला, बेदाण्यासाठी.

"अठ्ठावीस," भाईंनी फोन उचलून वाचलं. "मागच्या आठवड्यात एकेचाळीस होता. सराव आहे नुसता, बाळ. आणि तू जरा स्वतःकडे बघ. केवढी उडालीस."

हे सगळं ज्या शोधामुळे सुरू झालं, तो शोध तसा निरुपद्रवी होता.

माणसाच्या पाठीमागे अचानक मोठा आवाज झाला की पापणी मिटते. आपल्याला कळायच्या आधी मिटते, कारण हा निरोप मेंदूच्या विचार करणाऱ्या वरच्या मजल्यापर्यंत जातच नाही. खालच्या देवडीवरूनच पापणीला हुकूम सुटतो. ती किती जोरानं मिटते हे माणसागणिक वेगळं असतं. कुणाची नुसती फडफडते, कुणाचा अख्खा चेहरा आवळतो. परदेशातल्या काही शास्त्रज्ञांनी हजारो मुलं पाळण्यापासून पहिल्या मतदानापर्यंत नजरेखाली ठेवली, आणि त्यांना दिसलं की ज्यांची पापणी जोरात मिटते त्यांचा मोठेपणी कडक कायदा, शिस्त, पहारा, कुंपण यांच्याकडे कल असतो. ज्यांची हलकी मिटते ते व्यक्तीला मोकळं सोडावं या मताचे निघतात. कल असतो, एवढंच. शंभरातल्या साठ-पासष्टांना लागू पडायचं, बाकीच्यांना नाही. आणि एकच आवाज पुन्हा पुन्हा केला तर पापणी त्याला सरावते, तेव्हा माप पहिल्याच आवाजाचं धरावं. हे सगळं त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं. ठळक अक्षरांतलं वाचायचं नसतं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं.

मग फोनचे कॅमेरे पापणीची हालचाल टिपण्याइतके चपळ झाले, शून्य ते शंभर अशी पट्टी आली, तिला निमेषांक असं भारदस्त नाव मिळालं, आणि पाच-सात वर्षांत वाद घालायची गरजच उरली नाही. स्वातंत्र्यवाल्यांना फार आनंद झाला. ज्यांच्याशी आपण इतकी वर्षं युक्तिवाद करत होतो ते नुसतेच भित्रे निघाले. शिस्तवाल्यांना त्याहून आनंद झाला. ज्यांना आपण घरभेदी समजत होतो ते नुसतेच मठ्ठ निघाले. सापावर पाय पडला तरी ज्यांना कळत नाही, त्यांच्या भरवशावर दार कसं उघडं ठेवायचं? एका बाजूनं बाळाच्या पापणीची शांती साजरी केली, दुसऱ्या बाजूनं गल्लोगल्ली सावधान पथकं काढली आणि सर्वांत आधी दचकणाऱ्या मुलाला बक्षिसाची ढाल दिली. वाचलेली पुस्तकं, भोगलेले तुरुंग, रात्र रात्र चाललेल्या चर्चा, सगळं पापणीच्या केसावर येऊन बसलं, आणि कुणालाही त्याची लाज वाटली नाही. उलट सुटका झाल्यासारखं वाटलं. तत्त्व म्हणजे शेवटी कष्टाचं काम. ते जन्मतःच आपल्याकडे आहे असं कुणी सांगितलं तर कुणाला नको असतं?

लग्नाच्या बायोडाटात रास आणि गण यांच्या खाली निमेषांकाची ओळ आली. जिथे रास आणि गण लिहीत नव्हते तिथे तर ती पहिलीच ओळ झाली.

रमाकांत ढवळीकरांचं घर असं होतं. जिल्हा त्यांना भाई म्हणे, म्हणून घरही भाई म्हणे. राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. गेली तीस वर्षं सांगलीपासून जतपर्यंत प्रत्येक व्याख्यानमालेत 'व्यक्तिस्वातंत्र्य' या विषयावर बोलत आलेले. सानिका आणि भाईंचा मुलगा सम्यक यांचं लग्न ठरताना तासगावहून सानिकाची आई पाकिटाला हळद-कुंकू लावून पत्रिका घेऊन आली होती. भाई मोठ्यानं हसले होते. "माणूस ग्रहांवर ठरत नसतो, ताई. माणूस विचारांवर ठरतो." आईनं पाकीट पर्समध्ये परत टाकलं. वरून ओशाळली, आतून सुटली, कारण पत्रिकेत मंगळ होता.

त्याच भाईंनी निमेषांक निघाल्या निघाल्या मोजून घेतला. नऊ आला. नऊ! जिल्ह्यात एवढा कमी कुणाचाच नव्हता. पुढे व्याख्यानाच्या आमंत्रणावर त्यांच्या नावाखाली पदवी असायची तिथे हा आकडा छापला जाऊ लागला. त्यांच्या संस्थेनं 'मोकळी वाट' नावाचं बालघर काढलं, आणि मुक्त विचारांची पिढी घडवायची तर बियाणं पारखून घ्यावं, म्हणून प्रवेशाची अट ठेवली: अंक तीसच्या आत. अट भाईंचीच. गावातले डॉक्टर, प्राध्यापक, वकील मुलांना घेऊन रांगेत उभे राहिले, आणि ज्यांच्या मुलांचा अंक तीसच्या वर गेला ते मान खाली घालून दुसऱ्या शाळा शोधू लागले.

गेल्या दिवाळीत भाईंनी हौसेनं रुंजीचा अंक घेतला. एकाहत्तर आला.

भाईंनी फोन खिशात ठेवला, पाणी प्यायले, आणि "बॅटरी उतरली वाटतं" म्हणाले. त्यानंतर घरात त्या आकड्याबद्दल कुणी बोललं नाही. मंगळ लपवणाऱ्या घरांत जशी एक कुजबुजीची शिस्त असते, अगदी तशीच इथे आपोआप तयार झाली.

आणि आता वाट्या पडत होत्या.

या घरात कुणी कुणावर काही लादत नसे. तशी पद्धतच नव्हती. दर रविवारी संध्याकाळी चहानंतर घरसभा भरे, विषय मांडला जाई, हात वर करून मत दिलं जाई. नवी नवरी म्हणून आली तेव्हा सानिकाचा ऊर भरून आला होता. आपल्या माहेरी वडलांचा शब्द शेवटचा, आणि इथे चक्क मतदान. यायचं-जायचं किती वाजता, सुट्टीत कुठे, मुलीचं नाव काय, सगळं मतानं. दोन-अडीच वर्षांनी तिच्या लक्षात आलं की तीन माणसांच्या लोकशाहीत बापलेक एकीकडे असले की निवडणूक घ्यायचीही गरज नसते. पण तक्रार कुणाकडे करणार? वडलांशी भांडता येत होतं. इथे भांडायला समोर कुणी हुकूम करणारा नव्हताच. होतं ते बहुमत.

त्या रविवारी तिनं विषय मांडला. वाट्या बंद.

"मला सांग, आपण तिला मारतो का?" भाईंनी विचारलं.

"नाही."

"ओरडतो?"

"नाही."

"जबरदस्ती? ती आपणहून येऊन बसते. बेदाणे घेते. मूल ही स्वतंत्र व्यक्ती आहे, सानिका. तिच्या आनंदात आपण का लुडबुडायचं?"

"मग एकाहत्तर आहे तर एकाहत्तर राहू दे की. ती पण स्वतंत्र व्यक्तीच आहे."

"काय?"

"एकाहत्तर राहू दे म्हटलं."

भाईंनी खिडकीकडे पाहिलं. ती उघडी होती. त्यांनी उठून लावली. "मतदान घेऊ," ते म्हणाले.

सम्यकनं हात वर केला तो खांद्यापर्यंतच, अर्धवट, शाळेत उत्तर येत नसलेल्या मुलासारखा. पण मोजला पूर्ण गेला.

नंतर स्वयंपाकघरात कप विसळताना ती त्याला म्हणाली, "त्यांचा नऊ का आला माहितेय तुला?"

"सानिका, नको."

"डावा कान गेलाय त्यांचा. उजवा अर्धा. मशीन लावा म्हटलं तर म्हातारा दिसेन म्हणतात. वाटी पडलेली त्यांना ऐकूच येत नाही, सम्यक. पापणी मिटेल कशाला?"

"हळू बोल."

"का? ऐकू येतंय का त्यांना?"

सम्यकला हसू आलं, आणि मग आल्याबद्दल वाईट वाटलं. त्यानं कप पुसून उपडा ठेवला. "माहीत आहे मला. संस्थेतही सगळ्यांना माहीत आहे. अंक घेणारा पोरगा हुशार होता, त्यानं दोनदा विचारलं, सर, ऐकू येतंय ना. भाई म्हणाले, 'काय?'"

"आणि कुणी काही बोललं नाही."

"नऊ आलेल्या माणसाला काय बोलणार? आमंत्रणं छापून झाली होती." त्यानं फडकं खुंटीला लावलं. "माझा चौसष्ट आहे. तुला सांगितलं नव्हतं."

सानिकानं त्याच्याकडे पाहिलं. ती ज्याच्या प्रेमात पडली तो मुलगा कॉलेजच्या फाटकात पहारेकऱ्याशी मैत्रिणींच्या ओळखपत्रांवरून तासभर भांडला होता, घाबरत, चाचरत, कपाळाला घाम आलेला असताना. चौसष्टच असणार. तेव्हा तो चौसष्टाचा असूनच भांडला होता. आता त्याला आकडा कळला होता आणि तो भांडत नव्हता.

"आपल्याला तेवढाच त्रास," तो म्हणाला. "वर्धापनदिनापर्यंत. प्रवेश झाला की संपलं."

संस्थेच्या वर्धापनदिनाला, भर सभेत, बालघराच्या नव्या तुकडीतल्या पहिल्या मुलीचा अंक घ्यायचा, आणि ती मुलगी रुंजी असायची, असं ठरलं होतं.

मधल्या दिवसांत एका सकाळी सानिका रुंजीची नखं कापत बसली होती. अंघोळ झालेली, केस ओले, पाऊल आईच्या मांडीवर. पायाची नखं कापून घ्यायला तिला फार आवडायचं, कारण प्रत्येक बोटाला सानिका वेगळं नाव देई आणि अंगठ्याला दरवेळी नवं. आज अंगठा फौजदार होता. करंगळीपर्यंत पोचेपर्यंत कुकरची शिट्टी झाली, आधी काहीही सूचना न देता, कर्कश.

रुंजीचा चेहरा हलला नाही. डोळे शांत, ओठ शांत; एखाद्या देवीच्या मुखवट्यासारखी ती समोर बघत राहिली. पण सानिकाच्या हातातली पाचही बोटं एकदम आत वळली आणि तिच्या तळव्याला घट्ट चिकटली. पोटरीचा गोळा दगडासारखा झाला.

शिट्टी थांबली. बोटं हळूहळू सुटली.

"रुंजे, भीती वाटली?"

"नाही," रुंजी म्हणाली. मग हलक्या आवाजात, गुपित सांगावं तशी, "डोळ्याला नाही वाटली."

सानिकानं ते इवलं पाऊल दोन्ही हातांत धरून ठेवलं, पाखरू धरावं तसं. कॅमेरा पापणी बघत होता. पापणी शिकली होती. भीती कुठे गेली नव्हती, खाली पायात उतरून बसली होती, जिथे कुणी मोजत नाही.

तिनं हे भाईंना सांगितलं. दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं. भाईंनी ते मनापासून ऐकलं, चष्मा काढला, पुसला. "पायाचा अंक कुणी विचारत नाही, बाळ," ते म्हणाले.

वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी गल्लीत पाण्याचा टँकर आला. रुंजी फाटकाबाहेर रस्त्यावर उकिडवी बसून खडूनं घर काढत होती. सानिका वाळलेले कपडे गोळा करत अंगणातच होती. टँकर नव्या धाटणीचा, बॅटरीवरचा. पळताना त्याचा आवाज नसे, म्हणून मागे घेताना भोंगा वाजवायची सक्ती होती. भोंगा वाजला. त्यानं गल्लीतले कावळे उडाले, समोरच्या बाल्कनीतल्या बाईनं कानावर हात ठेवला. सानिकानं बघितलं तेव्हा टँकरची मागची बाजू रुंजीकडे सरकत होती आणि रुंजी, भोंग्याकडे पाठ करून, अगदी ताठ, डोळे उघडे ठेवून, छपराची रेघ ओढत होती.

कपडे कुठे पडले ते सानिकाला नंतर आठवलं नाही. तिनं मुलीला काखेत धरून ओढलं तेव्हा दोघी गटाराच्या कडेला पडल्या. टँकर कचकन थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"अवं ताई, किती वेळ हारन मारतोय. भैरी हाय का पोरगी?"

"नाही," सानिका म्हणाली. तिचे गुडघे सोलवटले होते. "चांगलं ऐकू येतं तिला."

रुंजीनं तोंड आईच्या कानाजवळ आणलं. तिचं काळीज फडफडत होतं. सानिकाला ते फ्रॉकमधून लागत होतं. पण आवाज अभिमानाचा होता. "मी हलले नाही. बघितलंस ना? एवढा मोठ्ठा वाजला तरी नाही. आता दोन बेदाणे."

भाई व्हरांड्यात येऊन उभे होते. त्यांनी भोंगा ऐकला नव्हता, पण बाकी सगळं पाहिलं होतं. क्षणभर त्यांचा खालचा ओठ थरथरला, आणि तेवढ्या एका क्षणासाठी सानिकाला ते साधे आजोबा वाटले. त्यांनी कठडा धरला, धाप लागल्यासारखा श्वास घेतला. मग ओठ सावरला.

"पण स्थैर्य पाहिलंस तिचं?" ते म्हणाले. "केवढं स्थैर्य."

सानिका मुलीला घेऊन आत गेली. गुडघ्यावर डेटॉल लावताना तिच्या मनात सासऱ्यांबद्दल जे काही उरलंसुरलं होतं, आदर, धाक, त्यांच्या पुस्तकांच्या कपाटासमोर उभं राहिल्यावर वाटणारी ती जुनी हुरहुर, ते सगळं निवून गेलं. राग नव्हता. राग बरोबरीच्या माणसाचा येतो.

रविवारी सभागृह भरलं होतं. खादीचे झब्बे, हातमागाच्या साड्या, एकमेकांना "कसे आहात साथी" म्हणणारी आणि मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून छातीवरच्या बिल्ल्यावरचा अंक वाचणारी माणसं. चौदावाला बावीसवाल्याच्या पाठीवर हात ठेवून बोले, बावीसवाला अठ्ठावीसवाल्याच्या. अठ्ठावीसवाले भडंगाच्या टेबलापाशी घोळका करून उभे होते आणि जरा जास्तच मोकळेपणानं हसत होते. ज्यांचा तीसच्या वर होता ते आज बिल्ला घरी विसरले होते.

भाई बोलायला उभे राहिले. आवाज अजून खणखणीत होता. "स्वातंत्र्य म्हणजे काय? भीतीचा अभाव. सत्तेला हवी असतात दचकणारी माणसं. जो दचकत नाही त्याला कुणी हाकू शकत नाही." टाळ्या. हे वाक्य सगळ्यांनी पूर्वी ऐकलं होतं, त्यामुळे टाळ्या वाक्य संपायच्या आधीच सुरू झाल्या.

व्यासपीठावर रुंजीला उंच स्टुलावर बसवलं. नवे कॅनव्हासचे बूट, दोन वेण्या. समोर कॅमेरा, मागे आवाजाचा डबा घेऊन एक कार्यकर्ती. भाई बाजूला माइक धरून उभे. त्यांच्या झब्ब्याच्या खिशात बेदाणे होते आणि रुंजीची नजर त्या खिशावर होती.

पहिल्या रांगेतून सानिकाला तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. म्हणून तिनं बुटांकडे बघितलं. आवाज अजून झालाही नव्हता. तरी दोन्ही बुटांची टोकं आत वळून एकमेकांवर दाबली गेली होती, आणि कापड बोटांच्या जागी उचललं गेलं होतं.

ती उठली. सम्यकनं तिचा हात धरला नाही. तिच्या पदराला त्याची बोटं लागली आणि सुटली. ती पायऱ्या चढून वर गेली.

"भाई, मी तिला नेते," ती हळू म्हणाली. तिला तमाशा नको होता.

"काय?"

"मी तिला घरी नेतेय."

"नीट बोल, बाळ," भाई म्हणाले, आणि मोठ्या मनानं त्यांनी माइक तिच्या तोंडासमोर धरला.

तेव्हा मग ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. "ती दचकते, भाई. दुपारी तुम्ही वाटी टाकता तेव्हा दर वेळी दचकते. फक्त तोंडावर दाखवायचं नाही, एवढं ती शिकलीय. काल टँकरखाली गेली असती, पण हलली नाही, कारण हललं की बेदाणा मिळत नाही. तुम्हाला हाकता न येणारं माणूस घडवायचं होतं ना? मग हे काय केलंय?"

सभागृहात एक खुर्ची करकरली. भाईंचा चेहरा लाल झाला. पण ते जुने वक्ते होते, शब्द त्यांना सोडून गेले नाहीत.

"तू तुझी भीती तिच्यावर लादतेयस. तिच्या स्वातंत्र्याच्या आड येतेयस. आपल्या घरात असं होत नाही. आपण विचारतो." ते स्टुलाकडे वाकले. "रुंजी, तुला इथे बसायचंय ना?"

रुंजीनं खिशाकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. पुन्हा खिशाकडे. "हो," ती म्हणाली.

"झालं," भाई म्हणाले. "तिची निवड आहे."

सानिकानं ती निवड ऐकली, आणि मुलीला स्टुलावरून उचललं. विचारलं नाही, समजावलं नाही. भरल्या सभेत, तिच्या स्पष्ट होकाराविरुद्ध, कडेवर घेतलं आणि चालू लागली. रुंजी पाय झाडत होती आणि "माझे बेदाणे" म्हणून रडत होती. तेवढं रडणं तरी खरंखुरं, मोकळं होतं.

ती शेवटच्या पायरीवर असताना सूत्रसंचालन करणाऱ्या टिकेकर मॅडमनी माइक हाती घेतला. प्रसंग सावरण्यात त्यांचा हात धरणारं संस्थेत कुणी नव्हतं. "मित्रहो," त्या गहिवरून म्हणाल्या, "हीच ती मुक्त स्त्री. वडीलधाऱ्यांसमोर, भर सभेत, पापणी न लववता बोलली. भाईंचे संस्कार आणखी कुठे दिसणार? सूनबाईंचा अंक आपण घ्यायलाच हवा. माझी पैज आहे, दहाच्या आत."

आणि सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या वाजू लागल्या. अठ्ठावीसवाले सर्वांत जोरात वाजवत होते. भाईंनी आधी लोकांकडे पाहिलं, मग त्यांना कळलं की या टाळ्या घरातच येतायत. त्यांनी मान किंचित झुकवली आणि स्वीकारल्या.

सानिकाला वाटलं होतं, चिडतील, हुर्यो करतील. तेवढं केलं असतं तरी त्यांची काही किंमत राहिली असती.

बाहेर पायऱ्यांवर सम्यकनं तिला गाठलं. त्याच्या हातात तिची पर्स होती.

"भाईंना घरी कोण नेणार?" तो म्हणाला. "तू पुढे हो. संध्याकाळी घरसभेत मांडू आपण हे. मी यावेळी नीट बोलेन."

"तुम्ही दोघं भरवा सभा. ठराव बिनविरोध होईल."

"सानिका, मी काय करू मग?"

चौसष्टचा तो घाबरा मुलगा एक क्षण तिला त्याच्या चेहऱ्यात दिसला. तिनं वाट बघितली. आत टाळ्या थांबल्या होत्या. कुणीतरी स्पीकरवर "सम्यक ढवळीकर कुठे आहेत" असं विचारत होतं. त्यानं मान वळवून आत पाहिलं.

तिनं पर्स घेतली आणि रिक्षा थांबवली. स्टँडवर पोचेपर्यंत तिनं आईला फोनवर सगळं सांगून टाकलं, एकाहत्तरसुद्धा.

तासगावच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. गाडी सुटेपर्यंत रुंजीचं रडणं हुंदक्यांवर आलं आणि मग नुसतं नाक ओढण्यावर. सानिकानं तिचे बूट काढले, मोजे काढले, आणि पावलं मांडीवर घेऊन बोटं एकेक करून चोळू लागली. बाहेर द्राक्षांचे मांडव सुरू झाले. कितीतरी दिवसांनी तिला श्वास पोटापर्यंत गेल्यासारखा वाटला. आईकडे जायचं. तिथे पत्रिका बघतात, उपास करतात, वडील टीव्हीसमोर बसून सगळ्या जगाला शिस्त लावायची भाषा करतात. पण निदान मुलीच्या पाठीमागे वाट्या टाकत नाहीत.

फोन वाजला. आईचाच.

"निघालीस ना? ये बाई ये. बरं झालं. ते तुझे सासरे म्हणजे नुसते पुस्तकी." आईचा आवाज उत्साहानं फुलला होता. "आणि ऐक, रुंजीचा अंक एकाहत्तर म्हणालीस ना मघाशी? अगं, मी आपल्या गल्लीतल्या सावधान पथकाच्या बाईंना सांगितलं. त्या तर उडाल्याच. सत्तरच्या वर तालुक्यात दोनच मुलं आहेत म्हणे. उद्यापासूनच पाठव म्हणतायत. रोज सकाळी मागून फटाका वाजवतात, जो आधी उडेल त्याला लाडू. तुझे बाबा तर आत्ताच पेढे आणायला गेलेत. जरा बघ, तिकडे राहून दचकायचं विसरली तर नाही ना?"

सानिकानं फोन कानापासून खाली घेतला. आई त्यात बोलतच होती.

रुंजीनं सगळं ऐकलं होतं. ती नाक पुसून, समजूतदारपणे, नव्या शाळेचे नियम विचारून घ्यावेत तशी आईकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "आज्जीकडे दचकायचं असतं का नाही?"